कावळ्याचं अपडेट

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत माझ्या कामाबद्दल एकमत नाही. समोरच्या देसाईकाकांच्या मते मी लहान मुलांचं वाटोळं करते. त्यांच्या सुनेच्या मते मी घरात बसून टायपिंगची कामं घेते. वॉचमनला कुणीतरी सांगितलंय की मॅडम मोबाइलमधलं बघतात, त्यामुळे त्याचा फोन अडकला की तो माझी बेल वाजवतो. मी तो बंद करून पुन्हा चालू करते आणि परत देते. आजवर दर वेळी फोन सुरू झालाय, म्हणून माझी पत टिकून आहे.

मी व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहिते. लग्नकार्यात हे वाक्य उच्चारलं की समोरचा हमखास विचारतो, "गेममध्ये गोष्ट कशाला लागते?" तर सगळ्याच गेमना लागत नाही. पण काही गेममध्ये मारामारी नसते, गाड्या नसतात. तुम्ही एक पात्र होऊन कुठल्याशा गावात हिंडता, माणसांशी बोलता, आणि तुम्ही काय बोललात त्यावरून पुढचं ठरतं. समजा गेममधल्या आतेनं विचारलं, "जेवलंस?" तर खाली उत्तरं दिसतात: हो, नाही, भूक नाही. तुम्ही "भूक नाही" निवडलंत की आते फुगते आणि पुढचे दोन दिवस तुटक बोलते. ती तुटक बोलणारी आते मला वेगळी लिहावी लागते. "हो" म्हणणाऱ्याची आते वेगळी. एका जेवणाची तीन जेवणं लिहायची आणि खेळणारा त्यातलं एकच जेवणार. बाकीची दोन वाया गेली असं मनाला लावून घ्यायचं नाही, हे अंगवळणी पडायला मला वेळ लागला.

त्याआधी मी अंधेरीत मालिकांचे संवाद लिहायची. तिथेही प्रेक्षकांच्या म्हणण्यावरून गोष्ट फिरवावी लागे. सासू फार आवडायला लागली की तिचा अपघात रद्द व्हायचा. मेलेला नवरा लोकांना हवासा वाटला की तो नव्या चेहऱ्यानं परत यायचा. त्यामुळे गेमच्या स्टुडिओत मुलाखतीला गेले तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं होतं की लोकांचं ऐकून गोष्ट बदलणं मला नवीन नाही.

पण फरक होता. मालिकेत कालचा भाग कालच गेलेला असतो. बदलायचं ते उद्याचं. गेम मात्र लोकांच्या फोनमध्ये आधीच जाऊन बसलेला असतो आणि आम्ही इकडून त्याच्यात बदल पाठवतो. त्याला अपडेट म्हणतात. तुम्ही फोन चार्जिंगला लावता, तो आपला आपण नवं घेतो, आणि काल तुमच्याशी भांडलेलं माणूस आज तुमच्याशी गोड बोलतं. कुणाच्या घरात शिरून कपाटातल्या पुस्तकाची पानं बदलून यावी तसला हा प्रकार. मला सुरुवातीला त्याची गंमत वाटायची. अजूनही वाटते, पण आता जरा दबकून.

आमचा गेम होता "खाडीपल्याड". मुंबईत वाढलेली एक मुलगी कोकणात आपल्या आतेकडे राहायला जाते. भाऊ गिरणीत कामाला निघून गेले आणि ही आते घर धरून मागे राहिली. खेळणाऱ्यानं त्या मुलीच्या अंगात शिरायचं, आतेची कामं करायची, तिच्या शिव्या खायच्या आणि तिच्याकडून घराण्याच्या गोष्टी काढून घ्यायच्या. एवढाच गेम. आमच्या स्टुडिओचा मालक केतन, घाटकोपरचा गुजराती, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याला हे कथानक सांगितलं तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं होतं, "ताई, ह्यात खेळायचं काय?" तरी त्यानं तो काढला, याबद्दल मी त्याला मानते.

गेम बाहेर पडल्यावर लोकांनी तो खेळला आणि लगेच तक्रारी सुरू केल्या. पहिली तक्रार कोंबडीची. मुलगी गावात पोचते त्या संध्याकाळी आते अंगणातली कोंबडी कापते आणि वडे करते. ती कोंबडी आधी मुलीच्या मागे मागे फिरते, हा आमच्या चित्रकाराचा आगाऊपणा. लोकांनी तिचं नाव ठेवलं आणि कोंबडी वाचवा म्हणून आमच्या मागे लागले. आम्ही वाचवली. आतेनं काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं. त्यावर कोकणातले लोक खवळले. मुंबईची पावणी इतक्या वर्षांनी दारात येते आणि तिला सांबारं वाढता, आमची अब्रू काढता काय? शेवटी गेममध्येच कोंबडीला नाव द्यायची सोय केली, आणि ज्यांनी नाव दिलं त्यांना सांबारं आणि बाकीच्यांना कोंबडी-वडे, असा तह झाला.

दुसरी तक्रार ट्रॉम्बेला नोकरी करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची. त्यांनी फोन करून मला झापलं. आमच्या गेममध्ये पौर्णिमेच्या मध्यरात्री मुलगी ओहोटीच्या वाळूवरून चालत जाते. पौर्णिमेला त्या वेळी भरती असते हे तुम्हाला कळत नाही का, तुमची नायिका बुडून मरेल, असं ते म्हणाले. मी पंचांग आणि कोळीवाड्यातली एक मैत्रीण, दोघांनाही विचारून घेतलं. गृहस्थ बरोबर होते. आम्ही पौर्णिमेची अष्टमी केली. मग अष्टमीचा चंद्र अर्धा, तोही मध्यरात्रीला मावळतीला, म्हणून चित्रकाराला अख्खी रात्र नव्यानं रंगवावी लागली. तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. त्या गृहस्थांनी मात्र फोन करून शाबासकी दिली आणि पुढे विहिरीच्या रहाटाबद्दल विचारायला लागले.

आता कावळ्याकडे येते, कारण सांगायचं आहे ते तेच.

गेमच्या मध्यावर आते झोपेतच जाते. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवलेला आहे, गुरुजी बसलेत, भाऊबंद जमलेत, झाडावर कावळा आहे आणि तो खाली येत नाही. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते सांगायला नको. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि "तुझ्या पोरांचं बघू", "घर मोडणार नाही" असं मोठ्यानं सांगायचं. ओळखलं तर कावळा शिवतो. मला वाटलं, गेमसाठी याहून चांगला प्रसंग कुठला असणार?

आमचा प्रोग्रॅमर सिद्धार्थ विक्रोळीचा, त्याचं घराणं मूळ बुलढाण्याकडचं. मी हे सगळं रंगवून सांगितलं. तो लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, "ताई, आम्ही बौद्ध, आमच्यात कावळ्याचा रोल नाय. जलदानविधी, पुण्यानुमोदन, जेवण, विषय संपला. मला फक्त एवढं सांगा, कावळा येतो कधी? कंडिशन काय टाकू?"

मी म्हटलं, इच्छा ओळखली की. त्यानं विचारलं, पण इच्छा काय होती? ते मी ठरवलंच नव्हतं. आणि विचार करताना मला जाणवलं की ठरवूही नये. आतेनं आयुष्यभर कुणाकडे काही मागितलं नाही. तिचं मन कुणाला कळलं नाही, हीच तर तिची गोष्ट. मग मी त्याला म्हटलं, कावळा येतच नाही. सिद्धार्थला आनंद झाला, कारण ते लिहायला सगळ्यात सोपं होतं.

मात्र त्यानं त्यात आपली एक भर घातली. त्यानं माइकचं बटण दिलं. दाबून धरायचं आणि फोनशी तुम्हाला हवं ते बोलायचं. गेमला शब्द कळत नाहीत, तो आवाज कुठे साठवतही नाही. कुणीतरी बोलतंय एवढंच त्याला समजतं. तुम्ही बोलत असलात की कावळा मान तिरकी करतो आणि एक फांदी खाली येतो. थांबलात की परत वर जातो. "ऐकल्यासारखं वाटलं पायजे ना," सिद्धार्थ म्हणाला. हवं तितका वेळ बोला, गेम बंद करा, उद्या पुन्हा उघडा, तुम्ही नदीकाठीच असता. आणि कंटाळलात की गुरुजींकडे जायचं. गुरुजी दर्भाचा कावळा करतात, पिंडाला लावतात आणि म्हणतात, "दर्भाचो कावळोव कावळोच. चला, जेवूक चला." हे वाक्य मी लिहिलं तेव्हा मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं.

लोकांना ते मुळीच पटलं नाही. कावळा एक फांदी खाली येतो म्हणजे आपण जवळ पोचलोय, असं त्यांनी धरलं. बरोबर वाक्य कुठेतरी आहे आणि ते या बाईनं लपवून ठेवलंय. मग शोध सुरू झाला. कुणी म्हणे, आतेला मुंबई बघायची होती. कुणी म्हणे, सातबारावर तिचं नाव लागायला हवं होतं. एका मुलानं ठामपणे लिहिलं की तिला तिच्या भावानं एकदा तरी "जेवलीस का" विचारायला हवं होतं, बाकी काही नाही. एका बाईनं लिहिलं, तिला शिकायचं होतं. कुणी खोटे व्हिडिओ बनवले, त्यात कावळा येतो आणि वाक्य कळण्यासाठी सबस्क्राइब करा म्हणतात. मी हे सगळं वाचत बसायची. माझं काम पडून राहायचं. कारण हळूहळू मला समजायला लागलं की यातलं एकही उत्तर आतेबद्दल नव्हतं. प्रत्येक जण आपल्या घरातलं माणूस सांगत होता. मी एक बाई लिहिली आणि लोकांनी तिच्या जागी कुणाकुणाला आणून बसवलं होतं. इतकी उत्सुकता मला स्वतःच्या कुठल्याही गोष्टीबद्दल वाटली नव्हती.

बहुमत मात्र तरीवाल्याच्या बाजूनं होतं. गेममध्ये होडी चालवणारा एक म्हातारा आहे, आते त्याला रोज ताक पाठवते. त्यावरून लोकांनी प्रेमप्रकरण काढलं. तरीवाल्याला सांभाळू, असं म्हटलं की कावळा यावा, अशी मागणी वाढत गेली. माइकबद्दलही कुरकुर होती, गेमला आमचा आवाज कशाला हवा म्हणून. केतननं मीटिंग घेतली आणि निर्णय सांगितला. माइक काढायचा. तीन पर्याय द्यायचे. तरीवाल्याच्या पर्यायाला कावळा आणायचा. मी वाद घातला. तो म्हणाला, "ताई, कोंबडीचं ऐकलंत ना तुम्ही? मग ह्याचं का नाही?"

गणपती झाले की अपडेट सोडायचं ठरलं. पण मध्ये पितृपक्ष आला. आमच्या जाहिरातवाल्या पोरांना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या, विषय जुळतोय म्हणून. केतनच्या वडिलांनी मात्र साफ सांगितलं, श्राद्धाच्या दिवसांत नवीन काही सुरू करायचं नाही. अपडेट सर्वपित्रीच्या पलीकडे गेलं. त्या वेळी मी त्या अंधश्रद्धेला नाक मुरडलं होतं.

त्याच दिवसांत ऑफिसात एक फोन आला. रूपाली नावाची मुलगी, भांडुपला राहते, एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. कावळा येणार असल्याचं तिनं वाचलं होतं. ती तक्रार करत नव्हती, विनवत होती. म्हणाली, "मॅडम, सगळ्यांच्या फोनमध्ये आणा. फक्त माझ्या आईच्या फोनमध्ये आणू नका, प्लीज."

तिनं जे सांगितलं ते असं. तिचे वडील वारले तेव्हा गावी दहाव्याला कावळा शिवला नाही. काकांनी नाना शपथा घेतल्या. दुपार टळली, शेवटी दर्भाचा कावळा लावला. त्यानंतर नातलगांत कुजबुज सुरू झाली की बायकोनंच काहीतरी लपवलंय, तिच्यामुळेच जीव अडकला. आईनं लोकांत जाणं सोडलं. लग्न नाही, बारसं नाही, शेजारी हळदीकुंकवालाही नाही. घरात बोलणंसुद्धा तुटलं. मग रूपालीच्या फोनमधला गेम तिच्या नजरेला पडला, तिनं आपल्या फोनमध्ये घालून घेतला, आणि आता रोज दुपारी रूपाली कामावर असताना ती नदीकाठचा तो प्रसंग लावून बसते. शेजारच्या मावशींनी सांगितलं होतं. तेव्हापासून ती घरात चार शब्द बोलायला लागली होती. "तुमचे गुरुजी म्हणतात ना, दर्भाचा कावळापण कावळाच," रूपाली म्हणाली, "तेच ऐकते ती. तिला तेवढाच आधार आहे. ते गेलं तर ती परत गप्प होईल."

खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. आपलं एक वाक्य कुणाच्या तरी उपयोगी पडलं, असं लिहिणाऱ्याला किती वेळा कळतं? मी सिद्धार्थला विचारलं, एकाच फोनमध्ये जुना गेम ठेवता येईल का? तो म्हणाला, अपडेट बंद ठेवता येईल, पण काही महिन्यांनी जुनं चालायचं थांबणार, फोन बदलला की मग संपलंच. तरी तेवढं तरी करून येऊ, म्हणून आम्ही दोघं भांडुपला गेलो.

डोंगराच्या बाजूची वस्ती, अरुंद चढ, घर मात्र लख्ख. रूपालीनं रजा घेतली होती. तिची आई बारीक चणीची, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातलेली. तिनं चहा पुढे केला आणि एका बाजूला बसली, काही बोलली नाही. मी जरा प्रस्तावना करून विचारलं की काकी, तुम्हाला गुरुजींचं ते बोलणं आवडलं ना?

"खंयचे गुरुजी?" तिनं विचारलं.

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. सिद्धार्थनं तिचा फोन हातात घेतला, गेम उघडला आणि माझ्याकडे बघितलं. ती गुरुजींपर्यंत कधी गेलीच नव्हती. आमच्याकडे कुणी कुठवर खेळलंय त्याची खूण राहते. ती दर वेळी नदीकाठी थांबली होती. माझं ते लाडकं वाक्य तिनं एकदाही ऐकलेलं नव्हतं. रूपालीचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार.

मग रोज तिथे काय करता, मी विचारलं. तिनं आधी रूपालीकडे पाहिलं. मग माइकच्या बटणावर बोट ठेवून म्हणाली, "रुपाच्या बापसाकडे बोलतंय. गिरणीत होते, मगे बंद पडली, तरी आवाज गिरणीवालोच. जन्मभर ते बोलले नि मी ऐकलंय. आता मी बोलतंय, त्येंका ऐकूक लागता."

हे ऐकून रूपाली हसली आणि लगेच तिला रडू आलं. काय बोलते म्हणून मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, काही विशेष नाही, भाजी काय केली, नळाला पाणी कधी आलं, रूपाला स्थळ आलंय पण मुलगा पसंत नाही. आणि कावळ्याबद्दल ती म्हणाली, "येवचो नाय तोच बरो. कावळो इलो की सगळ्यांका उठूक लागता. मगे मी बोलू कोणाकडे?"

आम्ही सगळे, मी, केतन, ते हजारो खेळणारे, कावळा यावा म्हणून डोकं फोडत होतो. ही एकटी बाई तो येऊ नये म्हणून बसली होती. आणि आम्ही तिचं बटणच काढणार होतो. फोनमधलं अपडेट बंद करून काही महिने ढकलता आले असते, पुढे काय?

सिद्धार्थ तसा कमी बोलतो. पण त्याला आपला जुना प्रश्न आठवला असावा. त्यानं विचारलं, "काकी, तुमच्या वेळेला खरंच कावळा का नाय आला?"

मला वाटलं, झालं, हा काय विचारतोय. पण ती चिडली नाही. उलट हा प्रश्न तिला आजवर कुणी सरळ विचारलाच नव्हता असं वाटलं. म्हणाली, "येतलो कसो? भावोजी पिंडाच्या उशाकच उभे, हात हलवून भाषण करतत. माणसा बाजूक झाल्याशिवाय कावळो खाली उतरता काय? मी सांगूक गेलंय, माका म्हणाले, तू गप बस."

परतताना रिक्षात, मुलुंडला मी उतरायच्या आत सिद्धार्थ म्हणाला, "ताई, कंडिशन मिळाली." मलाही तीच मिळाली होती. बरोबर वाक्य असं नाहीच. तुम्ही हवं ते बोला, हवं तितके दिवस बोला, तोवर कावळा फांदीवर बसून ऐकेल. बोलून झालं की खाली एक नवा पर्याय असेल, "उठते." तो दाबून मुलगी उठली, पाठ फिरवून चालायला लागली, की मागे कावळा उतरेल. उठायचं कधी ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. कावळा हवा असलेल्यांना कावळा मिळेल आणि बसायचं असेल त्याला बसता येईल.

केतनला हे पटवणं कठीण गेलं. तरीवाल्याचं काय, लोक विचारतील, असं तो म्हणत राहिला. मी त्याला भांडुपची हकिकत सांगितली. त्याला वाईट वाटलं, पण एका बाईसाठी माइक ठेवायचा का, हा त्याचा प्रश्न रास्त होता. सिद्धार्थनं दोन दिवसांत कच्चं काम करून त्याच्या हातात फोन दिला. वडिलांमुळे तेवढे दिवस आमच्याकडे होते. केतन केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आला नाही. काचेतून दिसत होतं, तो फोन तोंडाशी धरून काहीतरी बोलत होता. त्याच्या बा, म्हणजे आई, मागच्या वर्षी गेल्या होत्या, हे मला माहीत होतं. बाहेर येऊन त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "माइक राहू दे." पुढे त्यावर चर्चा झाली नाही.

अपडेट गेलं. काहींनी पहिल्याच दिवशी उठून कावळा आणला आणि हे फारच सोपं केलंत म्हणून नाराज झाले. काही जण तरीवाल्यावरून अजून रुसलेले आहेत. आतेची इच्छा काय होती हे विचारणारे निरोप मला अजून येतात. मी खरं उत्तर देते की मला माहीत नाही, आणि त्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. मालिकांच्या दिवसांत मी असं उत्तर कधी दिलं नसतं. तिथे लोक मागतील ते मी देत गेले, आणि त्या मागण्यांच्या आत काय आहे ते बघायला कधी थांबले नाही, याची आता रुखरुख वाटते.

रूपालीचा फोन यायचा. आईला नवा पर्याय दाखवला होता. "उठते" हे बटण तिनं वाचलं, त्याच्या बाजूनं बोट फिरवलं, आणि आपलं बोलणं चालू ठेवलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी विचारायचं टाळत होते आणि रूपाली सांगायचं टाळत होती. या बाईला आपण एका जागी खिळवून ठेवलं की काय, अशी शंका मला यायची. सिद्धार्थ म्हणायचा, आपण दार ठेवलंय, ढकलायचं नाही.

मग एका रविवारी सकाळी रूपालीच्या नंबरवरून फोन आला, पण पलीकडे आईचा आवाज. तिनं स्वतःहून मला कधी फोन केला नव्हता. कशा आहात, वगैरे काही नाही. म्हणाली, काल दुपारी उठले. कावळा आला, सगळं खाऊन गेला. मी नुसतं "बरं झालं" म्हटलं. मग तिनं सांगितलं की तिनं गेम पहिल्यापासून पुन्हा लावून घेतला. आते जिवंत आहे, चुलीपाशी बसली आहे, कामं सांगते आहे. त्या भागाकडे तिनं आधी कधी धड बघितलंच नव्हतं.

"म्हणान फोन केलंय," ती म्हणाली. "तुमची आते बांगड्याच्या तिखल्यात तिरफळा घालणा नाय. असला कोण खाता? ह्या बदला."

मागून रूपाली तिला दटावत होती, की आई, मॅडमना असं सांगतात का. ती ऐकत नव्हती. माशांच्या कालवणात घालायची ती मसाल्याची तिरफळं सुकी घ्यायची, किती घ्यायची, आतली बी काढून टाकायची, कालवणात कधी घालायची, हे सगळं ती मला सांगत राहिली. मी पेन शोधत होते आणि डोळे पुसत होते. इतकी सविस्तर तक्रार आजवर कुणी केली नव्हती. पुढच्या अपडेटमध्ये आतेनं तिरफळं घातली.